दुसऱ्या फेरीतला सूर

रविवारी दुपारी वहिनीने नवऱ्याच्या, म्हणजे दादांच्या, स्टेजवर घालायच्या काळ्या कोटाच्या बाह्या उसवायला घेतल्या. कुणाला विचारलं नव्हतं, आणि ते न विचारणं तिला टोचत होतं. जावई दादांपेक्षा दोन बोटं ठेंगणा. बाह्या इंचभर आखडायच्या, खांदे थोडे आत घ्यायचे, की कोट त्याला बेतल्यासारखा बसला असता. दादांच्या जागी कोण वाजवणार याचा निर्णय चार वाजता बाहेरच्या खोलीत व्हायचा होता, पण टीप उसवायला वेळ लागतो, आणि शनिवार काही कुणासाठी थांबणार नव्हता, असं तिने मनाला समजावलं.

शनिवारी हॉल दुरुस्तीनंतर नव्याने उघडणार होता आणि पहिला कार्यक्रम घरच्या बँडचा होता. हा बँड मामंजींनी, म्हणजे वहिनीच्या सासऱ्यांनी, सुतारकाम सांभाळून उभा केला, त्याला साठ वर्षं होत आली. त्यांनीच बांधलेली एक संथ चाल होती, ती वाजल्याशिवाय माणसं हॉलमधून उठत नसत. त्या चालीच्या मधोमध दादांचा गिटारचा सोलो. दोन फेऱ्या, जेमतेम दीड मिनिटाचा ऐवज. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याची रेकॉर्ड निघाली, तेव्हापासून तो सोलो लोकांच्या तोंडात बसला होता. न्हाव्याच्या खुर्चीत, बसच्या रांगेत, कुठेही कुणीतरी तो गुणगुणताना सापडे.

अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता दादा खाली बसले. वाचा शाबूत राहिली, पाय पंधरा दिवसांत ताळ्यावर आला, पण डाव्या हाताची बोटं परतली ती अर्धीच. कप धरता येई, शर्टाचं बटण कसंबसं लागे. तार दाबून धरता येत नसे.

दवाखान्यातल्या दुसऱ्या आठवड्यातच आत्यांनी, खाटेच्या कडेला बसून, भावाला म्हटलं होतं, "दादा, मला सोलो शिकव."

आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. दादा-वहिनींच्या लेकीच्या जन्मापासून सगळं घर त्यांना आत्याच म्हणू लागलं, सख्खे भाऊसुद्धा. वहिनी तेवढी अजून 'वन्सं' म्हणायची. त्रेपन्न वर्षांची ही बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायचं काम करी, आणि बँडमध्ये तीस वर्षं नुसता ऱ्हिदम धरी. सोलो आला की दादा एक पाऊल पुढे येत आणि आत्या एक पाऊल मागे जात. त्या दिवशी दवाखान्यात त्यांचं ते वाक्य ऐकलं तेव्हा वहिनी मोसंबी सोलत होती. माणूस अजून खाटेवर आहे आणि त्याचे कपडे कोण मागतंय, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि ते मग दहा महिने गेलं नाही.

शिवणाची खोली आणि बाहेरची खोली यांच्यात मामंजींनी घातलेली लाकडी भिंत होती, एका फळीच्या जाडीची. दादा घरी येऊन सावरल्यावर शिकवणी सुरू झाली; दुकान सुटलं की आत्या सहाला येत. वहिनी मशीनवर, आणि भिंतीपलीकडे गिटार.

पहिले दोन महिने फक्त पाच सूर. "बारा सूर आहेत," दादा म्हणाले होते. "तू पाचच घे. पाचांत चुकायला जागा कमी." गिटारच्या मानेवरच्या पाचव्या पडद्यापाशी, म्हणजे पाचव्या धातूच्या पट्टीपाशी, हाताची एक चौकट धरायची, जाड तारेवरून बारीक तारेपर्यंत चढायचं, परत उतरायचं. शेजारी ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टकटक. आत्यांना कॉर्डची सवय, मूठभर तारा एकदम धरायची. एकेक सूर सुटा, स्वच्छ वाजवायचा म्हणजे त्यांना गर्दीतून एकटं पुढे येऊन बोलायला लावल्यासारखं होई. सूर अर्धे मरत, घसरत, शेजारच्या तारेला धक्का देत. चढा, उतरा. वहिनीला वाटे, कुणीतरी आपल्या माणसाच्या चपला घालून घरभर फिरतंय.

मग चौकटी पाच झाल्या. तेच पाच सूर, मानेवर पाच ठिकाणी, पाच वेगळ्या घडणींत. पाठ आणि पुढा जोडावा तशी दादा एकेक चौकट दुसरीला जोडून देत. मग सगळं स्केल, म्हणजे त्या सुरांची चढती रांग, एकाच तारेवर. मग तीन-तीनच्या पावलांनी, एक पाऊल मागे घेत. एकदा दादा वैतागले तेव्हा त्यांचा आवाज फळीतून स्पष्ट आला होता. "आत्या, हा जिना झाला. जिना पाठ झाला म्हणजे घर पाहिलं असं होत नाही. कुठल्या मजल्यावर जायचंय ते आधी ठरव."

त्यानंतर गाणं सुरू झालं. आधी तोंडाने म्हण, मग वाजव. आत्यांचा आवाज घोगरा, आणि लाजेने तो आणखी खाली जाई. सहाव्या महिन्यात दादांनी पाचांतले दोन सूर काढून घेतले. "तीनांत बोल. जेवढं बोलशील तेवढा वेळ गप्पही बस." आत्या गप्प बसायला फार वेळाने शिकल्या. आपली चूक त्यांच्या बोटांना उशिरा कळे. भिंतीअलीकडे वहिनीला ती आधी कळे, मशीनवरचा तिचा पायच थबके. पण कौतुकाचा एक शब्द तिने कधी तोंडातून काढला नाही. उलट उन्हाळ्यात जावयाला बाजूला घेऊन तिने रेकॉर्ड त्याच्या हातात ठेवली.

"हा सोलो जसाच्या तसा बसवा, जावईबापू. कुणाला बोलू नका."

जावई लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर, गिटार हौसेने वाजवणारा. हाती घेतलं ते तडीस नेल्याशिवाय सोडायचं नाही, हा त्याचा स्वभाव. फोनवर सोलो अर्ध्या गतीने लावून त्याने सहा आठवडे सूर न् सूर टिपला होता.

चारला दहा कमी असताना आत्या आल्या, आणि गिटारची पेटी ठेवायला सवयीने आधी शिवणाच्या खोलीत आल्या. वहिनीच्या मांडीवर कोट होता.

"कुणाचा गं?"

वहिनीने दाताने दोरा तोडला. "यांचाच."

"दादाचे हात आखूड झाले वाटतं."

काचेतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक नुसत्या नजरेने ओळखणारी बाई. कोट ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार. आत्यांनी पेटी उघडली, गिटार काढली, रुमालाने मान पुसली.

"मला आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, वहिनी," त्या म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. वहिनी त्यांच्या मागून जाऊन दारात उभी राहिली. आत जाऊन बसावं असं तिला वाटेना.

बाहेरच्या खोलीत सगळे आपापल्या जागी होते. खिडकीपाशी खुर्चीत मामंजी, शहाऐंशीचे, गुडघ्यांवर ते सुताराचे रुंद पंजे. कोपऱ्यात ड्रम्सच्या मागे धाकटे भावजी. ते बस चालवत, आणि घरातही सगळ्यांना वेळेवर उतरवायची जबाबदारी आपलीच आहे अशा आवाजात बोलत. कीबोर्डपाशी लेक, बेबी. चाल गायची ती तिनेच. तिच्या शेजारी जावई, गिटार गळ्यात घालून, नजर जमिनीवर. दादा लाकडी भिंतीला पाठ लावून स्टुलावर. त्यांचा डावा हात उजव्या हातात होता.

"आडपडदा न ठेवता बोलू," भावजींनी सुरुवात केली. "आत्या, तू मेहनत घेतलीस, कुणी नाही म्हणत नाही. पण लोक येतात ते दादाचा सोलो ऐकायला. तू वाजवशील तो तुझा असेल."

"हो. माझाच असेल."

"तेच म्हणतोय मी. दादा वाजवू शकत नाही, तर निदान सोलो तरी दादाचा राहू दे. जावईबापूंनी बसवलाय."

आत्यांनी जावयाकडे पाहिलं. तो मान खाली घालून तारा जुळवत होता, जुळलेल्याच तारा.

"कधी बसवला?"

"गेल्या सहा आठवड्यांत," जावई म्हणाला. "मला वाटलं, आतापर्यंत तुम्हाला कळलं असेल."

"कुणी सांगितलं बसवायला?"

बेबीने आईकडे पाहिलं आणि पटकन नजर फिरवली. वहिनीने दाराच्या चौकटीला हात लावला. "मी सांगितलं," ती म्हणाली. "वन्सं, तुम्ही रागवा हवं तर. पण त्या सोलोत यांचं अख्खं तारुण्य आहे. तो कुणीतरी जपायला नको?"

"जपायचाच असेल तर रेकॉर्ड लावा की हॉलमध्ये," आत्या शांतपणे म्हणाल्या. "आपण सगळे खाली बसून ऐकू."

"आत्या, असं नको ना बोलू," बेबी म्हणाली. तिची मोठी पंचाईत झाली होती. एकीकडे नवरा, दुसरीकडे जिने मांडीवर बसवून पहिली कॉर्ड शिकवली ती आत्या. "बाबा, तुम्ही काहीतरी बोला."

दादांनी वडिलांकडे पाहिलं. मामंजींनी खुर्चीच्या हातावर दोनदा बोट वाजवलं.

"आधी ऐकू," ते म्हणाले. "भांडायला काय, कधीही वेळ मिळेल. जावईबापू, वाजवा तुम्ही."

बेबीने चाल धरली, भावजींनी ड्रमवर तारेच्या ब्रशने संथ ताल दिला, आत्यांनी जराही कुरकुर न करता ऱ्हिदम उचलला, आणि सोलोच्या जागी जावई एक पाऊल पुढे आला.

त्याने खरंच जसाच्या तसा बसवला होता. पहिला सूर दादांसारखाच थोडा उशिरा आला. तिसऱ्या ओळीच्या शेवटची ती थरथर, मग वर चढून तिथेच घोटाळणं, सगळं. वहिनीने डोळे मिटले. सत्तावीस वर्षं हॉलच्या पहिल्या रांगेत बसून तिने हे दीड मिनिट ऐकलं होतं. दुसरी फेरी सुरू झाली आणि तिचा श्वास आपोआप धरला गेला, कारण आता तो सूर येणार होता. तो आला. बाकीच्या सुरांत न बसणारा, किंचित खालचा, दुखरा. क्षणभर तसाच लोंबकळून तो हळूच वर ओढला गेला आणि आपल्या जागी बसला. वहिनीचे डोळे भरून आले.

सोलो संपला. भावजींनी ब्रश खाली ठेवले. आता आणखी काय ऐकायचंय, अशा चेहऱ्याने त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"छान बसवलंस," दादा जावयाला म्हणाले. "अगदी हुबेहूब. चुकलेला सूरसुद्धा."

"कुठे चुकलं?" जावई गोंधळला. "मी तर प्रत्येक सूर तपासून घेतलाय."

"तू नाही चुकलास. मी चुकलो होतो. दुसऱ्या फेरीत. मला वरच्या पडद्यावर जायचं होतं, बोट घसरलं आणि एक पडदा अलीकडेच पडलं. तो सूर त्या स्केलमध्ये नाहीच. मला तर घाम फुटला. तार ओढून ओढून कसाबसा त्याला जागेवर नेला. पुन्हा वाजवायला स्टुडिओवाल्याकडे वेळ नव्हता, तेच गेलं रेकॉर्डवर."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"मग त्यानंतर?" वहिनीने विचारलं. आवाज आपला आहे की नाही, तिला कळेना. "त्यानंतर दर वेळी का वाजवलात तोच?"

"तू म्हणालीस म्हणून."

"मी?"

"स्टुडिओच्या पायऱ्या उतरताना मी विचारलं, कसं झालं. तुला आठवा महिना होता, कठड्याला धरून उतरत होतीस. तू म्हणालीस, दुसऱ्या फेरीत तो एक सूर आला आणि पोटात बाळ फिरलं."

बेबीने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

"पुढच्या कार्यक्रमात मी तो मुद्दाम वाजवला," दादा म्हणाले. "तू समोर बसली होतीस. मग लोकांनाही हवा झाला. तो यायचा तर त्याच्या आधीची ओळ तीच हवी, म्हणून ती ठरली. मग नंतरची ठरली. वर्षभरात सगळाच ठरला. अगं, सोलो म्हणजे त्या घडीला सुचेल ते. मी सत्तावीस वर्षं सोलो वाजवलाच नाही. पाठ म्हणून दाखवला."

"मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तुझा काय दोष त्यात? मलाच भीती वाटायची. ठरलेलं असलं की हात कापत नाही." त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं आणि तो मांडीवर उलटा ठेवला. "हिला शिकवायला लागलो आणि मला आठवायला लागलं, मी पूर्वी काय करायचो ते. पाच सूर मोकळे सोडायचे आणि बघायचं कुठे जातात. मी तेच विसरलो होतो. आत्या, वाजव."

आत्या उठल्या. भावजींनी ताल धरला, पण मनापासून नाही. बेबीने चाल दिली, जावयाने न सांगता ऱ्हिदम उचलला. सोलोची जागा आली आणि आत्या एक पाऊल पुढे आल्या. तीस वर्षांत वहिनीने त्यांना त्या ठिकाणी पुढे येताना कधी पाहिलं नव्हतं.

आणि पहिली फेरी अगदी वाया गेली. सूर बरोबर होते, एकही घसरला नाही, पण नुसते वर गेले आणि खाली आले. पहिल्या चौकटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, मेट्रोनोमला उत्तर द्यावं तसे. भावजींनी मामंजींकडे पाहून भुवया उचलल्या. आत्यांनी हाताने खूण करून सगळ्यांना थांबवलं.

"मी जिना चढले," त्या म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. चष्मा काढून त्यांनी पदराला पुसला, परत लावला, आणि दाराकडे वळल्या.

"वहिनी, तू तिथे उभी राहू नकोस. आत येऊन बस."

"मी कशाला? मला काय कळतं?"

"नऊ महिने तूच तर गुणगुणत होतीस भिंतीपलीकडून."

"मी?" वहिनीला खरंच काही कळेना. "मी शिवत होते."

"शिवत होतीस आणि गुणगुणत होतीस. मी दोन ओळी वाजवून थांबले की तू पुढची म्हणायचीस. माझं चुकलं की गप्प व्हायचीस. पहिल्यांदा मला राग आला होता, म्हटलं, ही बाई मुद्दाम करते. दादा म्हणायचा, थांब, काही वाजवू नकोस, तिकडून काय येतंय ते ऐक."

वहिनीने दादांकडे पाहिलं. ते पायांकडे बघत होते, पण ओठांच्या कोपऱ्यातलं हसू त्यांना लपवता आलं नव्हतं. तिचे कान तापले. हे आपल्या तोंडून बाहेर पडत होतं, रोज, दीड तास, आणि आपल्यालाच पत्ता नाही. ती आत आली. मामंजींनी पायाने मोडा सरकवला, त्यावर ती बसली. समोर दोन हातांवर आत्या.

"पुन्हा," आत्या म्हणाल्या.

या वेळी सोलोची जागा आली आणि आत्यांनी काहीच वाजवलं नाही. पूर्ण ओळ रिकामी गेली. भावजींचे ब्रश फिरत राहिले, जावयाची कॉर्ड एकदा बदलली. मग तीन सूर आले, खालच्या जाड तारेवर, विचारल्यासारखे. पुन्हा शांतता. वहिनीच्या गळ्याशी काहीतरी हललं, आणि तिने ओठ घट्ट मिटले. तेच तीन सूर परत आले, पण शेवटचा आता खाली न बसता वर पाहत होता.

मग आत्या चालू लागल्या. दुसरा शब्द वहिनीला सुचला नाही. सूर तेच होते, ते पाच, ज्यांना ती नऊ महिने शिव्या घालत होती. तिला ते घरातल्या भांड्यांसारखे ओळखू येत होते. आता दुसरा, आता चौथा, आता पुन्हा पहिला. पण पुढचा कुठला, ते मात्र कळत नव्हतं. कळेपर्यंत तो आलेला असे, आणि आला की वाटे, याच्याशिवाय दुसरं येणं शक्यच नव्हतं. पाचांतून एवढं निघतं? एवढ्याशा जागेतून? वहिनीने आयुष्यभर माप घेऊन कापड कापलं होतं. जेवढं कापड तेवढाच कपडा, हे तिला हातांनी ठाऊक होतं. आणि इथे ही बाई वीतभर कापडातून खोली भरेल एवढं काढत होती आणि कापड संपत नव्हतं.

पहिल्या फेरीच्या अखेरीस आत्यांचं बोट चुकलं. चुकलं हे वहिनीला त्यांच्याआधी कळलं, ती जागच्या जागी आक्रसली. आत्या अडखळल्या नाहीत. तो चुकलेला सूर त्यांनी पुन्हा वाजवला, तिसऱ्यांदा वाजवला, जणू त्याचं म्हणणं काय आहे ते नीट ऐकून घेत होत्या, आणि मग त्याचा हात धरून त्याला इतरांत आणून सोडलं.

भावजींनी ब्रश टाकून काड्या कधी उचलल्या, कुणी पाहिलं नाही. त्यांचा चेहरा बदलला होता. ते आता बहिणीच्या हाताकडे बघून वाजवत होते, बसच्या आरशात बघतात तसे, डोळा न हलवता. त्या थांबल्या की ते हलकेच उत्तर देत. जावई कॉर्ड धरून होता, पण त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. मामंजींचे रुंद पंजे गुडघ्यांवर उताणे पडले होते, काहीतरी पडेल ते झेलायला ठेवावेत तसे.

दुसरी फेरी लागली. ती जागा जवळ येऊ लागली तशी वहिनीने सवयीने श्वास धरला. आत्या मानेवरून वर सरकल्या, तिथे पोचल्या, आणि त्या सुराला न शिवता त्याच्या पलीकडे, मानेच्या टोकाकडे निघून गेल्या, जिथे पडदे इतके जवळ येतात की बोट मावत नाही. तिथे त्यांनी एकच सूर धरला. बारीक, स्वच्छ, न थरथरणारा. तो किती वेळ होता, सांगता येणार नाही. वहिनीला आपण दुखावले जाऊ असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिच्या अंगावर काटा आला आणि तिला वाटलं, हे कुणीच करत नाहीये. आत्या करत नाहीयेत, दादांनी शिकवलेलं नाहीये, ते आत्ता या खोलीत येतंय आणि आपण सगळे त्याला जागा करून देतोय.

मग आत्या एकेक पायरी खाली आल्या, साधेपणाने, आणि बेबीकडे मान हलवली. बेबीला गायचं होतं. पहिली ओळ तिची हुकली. दुसरीला तिने चाल उचलली.

चाल संपली. दादांनी डोळे पुसले नाहीत, ते तसेच ओले राहू दिले.

"हेच," भावजी अखेर म्हणाले. "शनिवारी हेच वाजव."

"हेच कसं येईल?" आत्यांचा हात अजून गिटारच्या मानेवर होता. "ते गेलं की."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे मला आठवत नाही. शनिवारी शनिवारचं येईल. नाहीतर जिना चढेन तुमच्यासमोर."

"रेकॉर्ड करायला हवं होतं," जावई पुटपुटला. फोन त्याच्या खिशातच होता. "आत्या, तिसऱ्या चौकटीतून तुम्ही एकदम वर कशा गेलात?"

"मला विचारू नकोस बाबा. मलाच कुणीतरी सांगा."

जावयाने गिटार गळ्यातून उतरवली. मग दादांकडे वळला. "शनिवारी ऱ्हिदम मी धरतो. पण उद्यापासून मला पहिल्या चौकटीपासून शिकवा."

"तुला सगळ्या येतात रे."

"हातांना येतात," तो म्हणाला. बेबीने त्याच्या दंडाला हात लावला.

भावजींना अजून एक शंका होती. "लोक विचारतील, तो सूर कुठे गेला म्हणून. त्यांना काय सांगायचं?"

"सांगा, घरी ठेवलाय," मामंजी म्हणाले. "शनिवारी पोरगी वाजवेल." त्रेपन्न वर्षांच्या लेकीला पोरगी म्हटलं याचं कुणालाच काही वाटलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी बँडबद्दल दिलेला हा पहिलाच निर्णय होता ज्यावर भावजींनी तोंड उघडलं नाही.

आत्या वहिनीसमोर मोड्याजवळ खालीच बसल्या. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर तारेचे खोल वळ उमटले होते. वहिनीने तो हात आपल्या हातात घेतला आणि टोकांवरून अंगठा फिरवला. दगडासारखी झाली होती टोकं. हा हात इतका कधी कडक झाला, हे तिने पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र होतं, रोज.

"वन्सं, मी तुम्हाला न सांगता..."

"असू दे. तो कोट तसाही मला झाला नसता." मग आत्यांनी आवाज खाली आणला. विचारू की नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "वहिनी, खरं सांग. तुला त्यातलं कुठलं आवडलं?"

वहिनीला कुठलं आवडलं ते पक्कं माहीत होतं. दुसऱ्या फेरीत, मानेच्या टोकाशी. सांगायला तिचं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिची नजर दादांवर गेली. ते स्टुलावरून वाकून तिच्याकडेच बघत होते, ती काय बोलते ते ऐकायला, आणि त्या नजरेत तिला स्टुडिओच्या पायऱ्यांवरचा तो सत्तावीस वर्षांपूर्वीचा तरुण दिसला, कसं झालं म्हणून विचारणारा.

तिने तोंड मिटलं.

"नाही सांगायची," ती म्हणाली.

"का गं?"

"तुम्ही वाजवत राहा. मी ऐकते."

आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी वहिनीचा हात एकदा घट्ट दाबला. भिंतीपाशी दादांनी डोळे मिटून डोकं मागे फळीला टेकलं.

"चला, आणखी एकदा," भावजी म्हणाले, आणि काड्यांनी चार मोजले.